‘कितली पयस?’ ठीक, पण ‘कितलामा थांबस?’

छोट्या गाडीवरून थेट जबरदस्त पॉवरच्या गाडीवर उडी मारायची की नाही? शोरूममध्ये टोकन देण्याआधी खान्देशातल्या रस्त्यांवर उभं राहून केलेला हा हिशेब वाचा.

नवी गाडी पार्किंगला लागली की पहिला प्रश्न कोणता येतो? धुळ्याच्या देवपुरात, साक्री-शिरपूरकडच्या पोरांच्या घोळक्यात तो अहिराणीत येतो : ‘कितली पयस रे भो?’ जळगावात कॉलेजच्या गेटबाहेर तोच प्रश्न ‘टॉपला किती जाते?’ असा येतो. मग पिकअप, मग सीसी, मग एक्झॉस्टचा आवाज. मायलेजचा नंबर फार उशिरा लागतो आणि तोही बहुतेक वेळा घरचे विचारतात.

एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. ‘कितलामा थांबस?’ म्हणजे किती अंतरात थांबते?

आता लगेच ‘आला उपदेश’ म्हणून पान उलटू नका. मोठी गाडी हवीशी वाटणं यात काही गैर नाही. चार वर्षं बसच्या दांड्याला लोंबकळत, मग दादाची जुनी बाइक किक मारमारून चालवत, मग घरच्या हॅचबॅकवर हात साफ करत तुम्ही इथवर आलात. आता पहिला पगार आहे, किंवा यंदा केळीला भाव मिळाला म्हणून बाबांचा मूड बरा आहे. अशा वेळी ‘आता जरा तगडी गाडी घेऊ’ असं वाटणारच. प्रश्न एवढाच आहे, की ती ताकद आत्ता, तुमच्या हातात, आपल्या रस्त्यांवर नेमकी काय करेल?

ताकद स्वस्त झालीय

आपल्या आईबाबांच्या पिढीचं चारचाकीचं स्वप्न म्हणजे मारुती ८००. १९८३ मध्ये आलेल्या त्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं आणि ताकद ४० हॉर्सपॉवरच्याही आत. चार माणसं, डिकीत पिशव्या आणि वर एसी चालू असला की लळिंगचा चढ चढताना तिला धाप लागायची. म्हणजे तिथे चालकाला आवरायला गाडीच होती.

आज काय आहे? महिंद्राच्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची ताकद २८६ हॉर्सपॉवर आहे आणि शून्यावरून शंभरचा वेग ती ६.७ सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. टाटाची चारही चाकांना ताकद देणारी हॅरियर ईव्ही तर ६.३ सेकंदांचा दावा करते. एके काळी असे आकडे पोस्टरवरच्या परदेशी स्पोर्ट्‌स कारचे असायचे. आता ते आपल्या गावातल्या शोरूमच्या काचेआड आहेत आणि हप्त्यावर मिळतात. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गंमत आहे. इंजिनाचा आवाज वाढत नाही, गिअर बदलावा लागत नाही. त्यामुळे वेग किती वाढला हे शरीराला कळण्याआधीच काटा पुढे गेलेला असतो.

दुचाकीवरही तेच. स्प्लेंडर प्लसची ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर, वजन ११२ किलो. ३९० ड्यूकची ताकद ४६ हॉर्सपॉवर, वजन १६८ किलो. म्हणजे वजन दीडपट झालं, ताकद मात्र पावणेसहा पट. तुमचे हात, तुमची नजर आणि तुमचा अनुभव मात्र गेल्या आठवड्यात होता तेवढाच आहे.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणता माणूस नुसती घोड्याची चाल बघत नाही, घेणारा कोण आहे तेही बघतो. नवख्या स्वाराखाली तापट घोडा कुणी देत नाही. शोरूममध्ये मात्र २८६ घोडे एकदम हातात देताना ‘आधी कुठला घोडा फिरवलाय?’ असं कुणी विचारत नाही.

आता थांबायचं गणित

अकरावी-बारावीच्या फिजिक्सचं एक सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. परीक्षेत ते दोन मार्कांचं होतं, रस्त्यावर त्याची किंमत फार मोठी आहे.

समजा रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत, ब्रेक उत्तम आहेत. समोर अचानक काहीतरी आलं. ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरू. मोबाइलमध्ये डोकं असेल तर दोन-तीन सेकंदही जातात, पण इथे तुम्ही एकदम सावध आहात असंच मानू. मग हिशेब साधारण असा येतो :

ताशी ६० किलोमीटर : गाडी थांबायला ३६ मीटर.

ताशी ८० किलोमीटर : ५७ मीटर.

ताशी १०० किलोमीटर : ८३ मीटर.

ताशी १२० किलोमीटर : ११२ मीटर.

वेग ६० चा १२० झाला, म्हणजे दुप्पट. थांबायचं अंतर मात्र तिपटीहून जास्त झालं. पण खरी धक्कादायक गोष्ट पुढे आहे.

दोन गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत. एक ६० वर, एक ८० वर. दोघांना एकाच क्षणी समोर एक म्हातारा रस्ता ओलांडताना दिसला. दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबले. ६० वाली गाडी म्हाताऱ्याच्या पुढ्यात, जेमतेम अंतर ठेवून थांबली. त्याच जागी ८० वाल्या गाडीचा वेग किती असेल? आपण म्हणतो, वीसचा फरक होता, तर वीस असेल. नाही! त्या जागी ती गाडी अजून ताशी ६० च्या आसपास असते. कारण पहिल्या सेकंदात, पाय ब्रेकवर पोचेपर्यंत, तिनं बावीस मीटर तसेच खाल्लेले असतात आणि ब्रेक लागायला उरतात जेमतेम चौदा मीटर.

एक गाडी थांबते आणि दुसरी ६० च्या वेगाने माणसाला धडकते. फरक फक्त २० चा. म्हणून ‘भाऊ, मी काही १४० नाही मारत, थोडंच जास्त असतं’ हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी असलं, तरी निरुपद्रवी नाही.

अंधारात तर हे गणित आणखी बिघडतं. लो बीमवर समोरचं साधारण पन्नास-साठ मीटरच नीट दिसतं. १०० च्या वेगात थांबायला ८३ मीटर लागतात. म्हणजे तुम्हाला जिथे थांबता येईल ती जागा तुम्हाला अजून दिसलेलीच नसते.

आणि रस्ते आपले कसे?

इथे कुणीतरी म्हणेल, जर्मनीत तर मोकाट वेगाचे रस्ते आहेत. आहेत ना. पण तिथे त्या रस्त्यावर कपाशीची ट्रॉली नसते.

आपलं खान्देश म्हणजे महामार्गांचा चौक. सुरत-नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा आडवा जातो. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून उभा जातो. धुळ्यातूनच चाळीसगाव, कन्नड घाटाकडे सोलापूरचा रस्ता फुटतो. इतके रस्ते एकत्र आले, की सगळ्या तऱ्हेची वाहनंही एकत्र येतात. गुजरात-मध्य प्रदेशातून निघालेला कंटेनर, रावेरहून निघालेला केळीचा ट्रक, दिवाळीनंतर कापसानं फुगलेली आणि मागे लाल दिवाही नसलेली ट्रॉली, यू-टर्न लांब पडतो म्हणून राँग साइडनं येणारा दूधवाला आणि दुभाजकाच्या फटीतून सायकल काढणारी शाळेची पोरं. हे सगळे एकाच डांबरावर. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते. ती ओली झाली की साबण लावलेल्या फरशीसारखी होते. तिथे तुमच्या गाडीची ताकद २८६ असो की ८, पकड टायरचीच आणि तेवढीच.

जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. महामार्ग शहराच्या मधोमध. अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक, खोटेनगर ही नावं इतकी वर्षं अपघातांच्या बातम्यांत वाचत आलोय. समांतर रस्त्यांसाठी इथल्या लोकांना आंदोलनं करावी लागली. बांभोरीच्या पुलावरून रोज इंजिनिअरिंगची आणि विद्यापीठाची हजारो पोरं-पोरी जातात. तुमचीच मैत्रीण तिच्या स्कूटीवर त्यात असते.

धुळेकरांना पळासनेर आठवत असेल. ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यात एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तिथे गाडी चालवणारा तरुण नव्हता, गाडी स्पोर्ट्‌स कारही नव्हती. पण एक गोष्ट त्यातून कळते. आपल्या महामार्गांवर रस्त्याची कड म्हणजे मोकळी जागा नसते. तिथे हॉटेल असतं, बसथांबा असतो, माणसं असतात. तुमची चूक झाली किंवा ब्रेक दगा देऊन गेला, तर सावरायला पलीकडे रिकामं मैदान नाही.

जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर. सरासरी ८० नं गेलात तर सव्वा तासाच्या आत पोचता. सगळा धोका पत्करून सरासरी १०० काढलीत, तर साडेतेरा मिनिटं वाचतात. तेवढ्यात धुळ्यात एक चहासुद्धा नीट उकळून होत नाही. आणि मधली गावं, टोलनाके, चौफुल्या बघता ती सरासरी निघतच नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

पॉवरच्या बाजूनेही बोलू

एकतर्फी बोलायचं नाही. मोठ्या ताकदीच्या गाडीचे फायदे खरे आहेत. महाग गाडीत सहसा चांगले ब्रेक, रुंद टायर, जास्त एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा असते. आणि ओव्हरटेकला पॉवर कामी येते, हेही खरं.

तेही मोजून बघू. चोपडा किंवा पाचोऱ्याकडच्या दुपदरी रस्त्यावर तुमच्यापुढे ६० नं चाललेला ट्रक आहे. तुम्ही ८० नं त्याला ओलांडलात, तर पुढेमागे सुरक्षित अंतर धरून साधारण अकरा सेकंद लागतात. समोरून कुणी ८० नं येत असेल, तर तुम्हाला जवळजवळ अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता हवा. १०० नं ओलांडलात तर साडेपाच सेकंदांत काम होतं आणि पावणेतीनशे मीटर पुरतात. म्हणजे ताकदीनं धोक्यातला वेळ निम्मा झाला. मान्य.

पण पुढच्या वळणापलीकडे काय आहे हे ताकद सांगत नाही. समोरून येणारा एकच दिवा बाइकचा आहे की एक दिवा फुटलेल्या ट्रॅक्टरचा, हे ओळखायला वर्षं जावी लागतात. कमी ताकदीच्या गाडीवर तुम्ही ‘नको, जमणार नाही’ म्हणून मागे थांबता. तगड्या गाडीवर तोच हात म्हणतो, ‘निघेल’. बहुतेक वेळा निघतेही. आणि बहुतेक वेळा निघते म्हणूनच सवय लागते.

त्यात शेजारी आणि मागे मित्र बसलेले असले तर? तरुण चालकाबरोबर त्याच्याच वयाचे सोबती असले की धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन:पुन्हा दिसलंय. धोका तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, असं मेंदूचे अभ्यासक सांगतात. याचा अर्थ तुम्ही बेजबाबदार आहात असा नाही. मागून ‘दाब ना भो!’ असा आवाज आला, की विशीत तो जरा जास्तच जोरात ऐकू येतो, एवढाच.

रामदेववाडी विसरायचं नाही

७ मे २०२४. जळगाव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ भरधाव कारनं एका दुचाकीला उडवलं. दुचाकीवर एक आशा सेविका होती, तिची दोन लहान मुलं होती आणि तिचा भाचा होता. चौघंही गेले. कारमध्ये तरुण पोरं होती. गावातले लोक संतापून रस्त्यावर उतरले. अटक व्हायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ गेला, म्हणून राज्यभर प्रश्न विचारले गेले. कोण किती दोषी हे न्यायालय ठरवेल. पण त्या दुचाकीवरच्या चौघांनी कुणाच्या गाडीची पॉवर विचारली नव्हती. ते आपल्या वाटेनं चालले होते.

त्यानंतर बाराच दिवसांनी, १९ मे च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकान या इलेक्ट्रिक गाडीनं दोन तरुण इंजिनिअरना धडक दिली. दोघांचं वय २४. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. त्याला काही तासांत मिळालेला जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट देशभर गाजली. त्या गाजावाजानंतरच अनेकांना रामदेववाडीही आठवली.

या दोन घटना घडल्या तेव्हा त्या अपवाद वाटल्या, पण आकडे तसं म्हणत नाहीत. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. मेलेल्यांत साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. म्हणजे तगडी गाडी चालवणाऱ्याला एअरबॅग असते. समोरच्याला बहुतेक वेळा हेल्मेटसुद्धा नसतं.

एकच लायसन्स, सगळ्याला चालतं

आपल्याकडची एक विचित्र गोष्ट बघा. आरटीओच्या मैदानात ८ हॉर्सपॉवरच्या बाइकवर आठचा आकडा काढलात, की मिळालेल्या लायसन्सवर तुम्ही हजार सीसीची बाइकही चालवू शकता. छोट्या हॅचबॅकवर परीक्षा दिलीत, की त्याच लायसन्सवर पोर्शेही चालते. मधे एकही पायरी नाही.

बाहेर तशा पायऱ्या आहेत. युरोपात सोळाव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची छोटी बाइक मिळते. अठराव्या वर्षी मध्यम ताकदीची, जास्तीत जास्त ३५ किलोवॉट, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवर. त्यापुढची मोकळी ताकद दोन वर्षं ती मध्यम बाइक चालवून पुन्हा परीक्षा दिली किंवा प्रशिक्षण पूर्ण केलं तरच, नाहीतर थेट चोविसाव्या वर्षी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांत नवख्या चालकाला वजनाच्या मानानं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ताकदीची कार चालवायलाच मनाई आहे. त्याच देशातल्या साउथ ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये लॅम्बॉर्गिनीच्या धडकेत एक १५ वर्षांची मुलगी गेली. तिच्या घरच्यांनी पाठपुरावा केला. १ डिसेंबर २०२४ पासून त्या राज्यात अतिताकदीच्या गाड्यांसाठी लायसन्सचा वेगळा वर्गच सुरू झाला.

आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ही पायरी स्वतःसाठी स्वतःच बांधावी लागेल.

खिसा आणि कायदा

आता जरा रोकड्याचं बोलू. १५ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता येतो महिन्याला साधारण साडेएकतीस हजार. त्यावर विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. जळगाव-धुळ्यात पहिल्या नोकरीचा पगार किती असतो, हे तुमचं तुम्हाला माहीत.

बाइकवाल्यांनी हेही बघावं. थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये, ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये. हे २०२२ मध्ये ठरलेले दर. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. एवढे पैसे कशाचे देताय? चारपदरी महामार्गावर केंद्राची कमाल मर्यादा बाइकला ८० आणि कारला १०० आहे. शहरात ती आणखी कमी. म्हणजे विकत घेतलेल्या ताकदीचा मोठा भाग कायद्यानं वापरताच येत नाही.

आणि कायदा मोडला तर? बेदरकारपणे कुणाचा जीव घेतला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रस्त्यावर शर्यत लावणं हा वेगळा गुन्हा. दहावीतल्या धाकट्या भावाला ‘एक राउंड मारून ये’ म्हणून चावी दिलीत, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि त्या भावाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. स्वतःच्याच बेदरकार वेगामुळे गाडी उलटून जो चालक गेला, त्याच्या कुटुंबाला विमा कंपनीकडून भरपाई मिळाली नाही. माणूसही गेला आणि मागे राहिलेल्यांच्या हातात काही आलं नाही.

मग घ्यायची की नाही?

सरळ उत्तर : घ्या, पण थेट उडी मारून नको. आणि टोकन देण्याआधी स्वतःला हे पाच प्रश्न विचारा.

१. आत्ताच्या गाडीवर किती वर्षं झाली? निदान दोन वर्षं, त्यात दोन पावसाळे आणि रात्रीचे भरपूर प्रवास झाले नसतील, तर अजून थांबा.

२. गेल्या वर्षभरात किती वेळा ‘थोडक्यात वाचलो’ असं झालं? तीन-चार वेळा असेल तर गडबड गाडीत नाही.

३. एबीएस लागला की पायाखाली कसं थरथरतं, हे माहीत आहे का? मोकळ्या मैदानावर, कुणी जाणतं माणूस बरोबर घेऊन, ताशी ४० वरून पूर्ण ब्रेक दाबून बघा. बहुतेकांनी आयुष्यात एकदाही पूर्ण ब्रेक दाबलेला नसतो. खऱ्या प्रसंगी म्हणूनच पाय घाबरतो.

४. टायर कधीचे आहेत? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३५२१ असेल तर तो २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. जुन्या, कडक झालेल्या टायरवर नवी ताकद म्हणजे झिजलेल्या चपलेनं डोंगर चढणं. सेकंडहँडमध्ये ‘भारी पॉवरची गाडी स्वस्तात’ मिळत असेल, तर आधी टायर आणि ब्रेकचा खर्च मांडा. बरेचदा ती स्वस्त राहत नाही.

५. ही गाडी मला हवीय की मला बघणाऱ्यांना? कॉलेजसमोरून एकदा जोरात नेण्यासाठी पाच वर्षं हप्ते भरायचे असतील, तर तो शो फार महाग आहे.

पाचही उत्तरं नीट आली, तर एकाच पायरीनं वर जा. १०० सीसीवरून थेट ४०० वर नको, मधे १५०-२०० वर एक-दोन वर्षं काढा. छोट्या हॅचबॅकवरून जायचं तर ताकदीआधी सुरक्षितता वाढवा : सहा एअरबॅग, घसरण रोखणारी यंत्रणा, चांगले टायर. हे अपग्रेड दिसत नाही, रील बनत नाही, पण रोज कामी येतं. आणि तगडी गाडी आधीच घरात आलेली असेल, तर पहिले सहा महिने ती सगळ्यात सौम्य मोडवर चालवा. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत ती सोय असते. लाजायचं काही नाही, मोड कुठला हे बाहेरच्याला दिसत नाही.

वेगाची हौस मनापासून असेल, तर रेस ट्रॅकवर जा. चेन्नईजवळ आणि कोइंबतूरला ट्रॅक आहेत, तिथे शिकवणारेही आहेत. तिथे समोरून ट्रॉली येत नाही.

पुढच्या वेळी मित्राची नवी गाडी बघायला जाल, तेव्हा ‘कितली पयस’ जरूर विचारा, त्याशिवाय त्यालाही चैन पडणार नाही. पण चावी हातात घेण्याआधी दुसराही प्रश्न विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर दोघं मिळून मोकळं मैदान गाठा आणि मोजा. टेप नसला तरी चालेल, पावलं मोजली तरी कळतं.